किल्ली, कुलूप आणि इमान: परांड्याच्या दरवाजापासून गाडीच्या रिमोटपर्यंत

दार बंद करण्याच्या वस्तूला आपण मराठीत ‘कुलूप’ म्हणतो. हा शब्द मूळचा अरबी ‘कुफ्ल’. फारसीच्या वाटेने तो दखनेत आला आणि बोलता बोलता त्यातल्या अक्षरांनी जागा बदलल्या. कुलूप उघडण्याच्या वस्तूला कुणी ‘चावी’ म्हणतात. तो शब्द पोर्तुगीजांच्या जहाजांतून कोकण किनाऱ्यावर उतरला. आणि ‘किल्ली’चा संबंध संस्कृतातल्या ‘कील’शी, म्हणजे खुंटीशी लावला जातो. घराच्या एका जुडग्यात आपण तीन भाषांचा इतिहास रोज खिशात घालून फिरतो, पण तिकडे लक्ष जात नाही.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या जुडग्यात चौथी वस्तू आली: गाडीचा रिमोट. आता ती आपल्या गावखेड्यांतही पोहोचली आहे. परांडा तालुक्यातल्या सोनारीला भैरवनाथाच्या यात्रेत पूर्वी बैलगाड्या सुटायच्या, आता चारचाकींच्या रांगा लागतात. रिमोट आला तशी त्याची तक्रारही आली. ती बहुतेकदा एकाच शब्दांत ऐकू येते: “कधी चालतो, कधी चालत नाही.” पूर्ण बंद पडला असता तर बरे, असे वाटावे इतकी ही मधूनमधूनची खोड त्रास देते. दुकानात दाखवायला नेले की रिमोट शहाण्यासारखा चालतो आणि घरी आलो की पुन्हा रुसतो. मग कुणीतरी सांगते, “रिमोट गेला, नवा घ्या.” किंमत ऐकून माणूस गप्प बसतो.

या खोडीचे उत्तर किल्लीच्या इतिहासात बरेचसे सापडते. किल्ली म्हणजे नेमके काय, हे कळले की ती का चालत नाही, हेही कळू लागते.

परांड्याचा दरवाजा

सोनारीच्या तालुक्याचे गाव परांडा. तिथला भुईकोट किल्ला अजून उभा आहे. मोगलांनी १६०० साली अहमदनगर जिंकले, तेव्हा मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तझा निजामशहाला याच परांड्यात गादीवर बसवले आणि काही काळ निजामशाहीची राजधानी इथे होती. आज विजापुरात दिसणारी मुलूख मैदान तोफ १६३२ पर्यंत परांड्याच्या किल्ल्यावर होती. १६३४ मध्ये शाहजादा शुजा आणि महाबतखान यांनी या किल्ल्याला वेढा घातला. खंदक, तटबंदी आणि तोफा यांच्यापुढे त्यांचे काही चालले नाही आणि वेढा उठवावा लागला.

पण १६६० मध्ये हाच किल्ला मोगलांना मिळाला. या वेळी भिंत फुटली नाही. आदिलशाहीचा किल्लेदार गालिब मोगलांना मिळाला आणि त्याने किल्ला त्यांच्या हवाली केला. दरवाजा तोच होता, अडसर तोच होता. बदलले ते फक्त किल्ली ज्याच्या हाती होती त्याचे मन.

दखनच्या अनेक किल्ल्यांची कहाणी अशीच आहे. म्हणून जुन्या काळी किल्लेदाराची नेमणूक हा राज्याच्या जिवाचा प्रश्न असे. कुलपाची मजबुती लोखंडात असते, हे अर्धेच खरे. उरलेली मजबुती किल्ली आणि कुलूप यांच्यातल्या विश्वासात असते.

अमानत

याच विश्वासाला आपल्या परंपरेत ‘अमानत’ म्हणतात आणि त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण एका किल्लीचेच आहे. हिजरी ८, म्हणजे इसवी सन ६३० मध्ये मक्का हाती आल्यावर काबागृहाची किल्ली उस्मान बिन तलहा यांच्याकडून घेऊन दार उघडले गेले. ती किल्ली आता आपल्याकडे यावी, असे विजेत्यांतल्या जवळच्या माणसांनाही वाटत होते. पण प्रेषितांनी ती पुन्हा उस्मान यांच्याच हाती दिली. ज्याची अमानत त्याला परत करा, असे सांगणारी सूरह निसामधली ५८वी आयत याच प्रसंगाशी जोडली जाते. तेव्हापासून राज्ये आली-गेली, खिलाफती बदलल्या, पण काबागृहाची किल्ली त्याच बनू शैबा घराण्याकडे राहिली. वेगवेगळ्या काळांत घडवलेल्या जुन्या किल्ल्यांचा मोठा संग्रह इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहालयात आहे.

इथेही किल्लीचे धातूमोल महत्त्वाचे नव्हते. ‘हा माणूस कोण आहे’ हे दाराला कळावे, एवढेच किल्लीचे काम. ते कळवण्याची साधने मात्र काळाप्रमाणे बदलत गेली.

अक्षरांचे कुलूप

कोपनहेगनच्या डेव्हिड संग्रहालयात पितळेची एक पेटी आहे. ती इस्फहानचा मुहम्मद बिन हामिद अल-अस्तुरलाबी याने हिजरी ५९७ मध्ये, म्हणजे १२००-०१ साली बनवली. नावावरूनच कळते की हा कारागीर ताऱ्यांची उंची मोजणारी अस्तुरलाब यंत्रे बनवणारा. पेटीच्या झाकणावर त्याने चार फिरत्या तबकड्या बसवल्या. त्या ठरलेल्या खुणांवर आणल्याशिवाय पेटी उघडत नाही. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १२०६ मध्ये, दियारबकरच्या दरबारातला यंत्रकार अल-जझरी याने आपला यंत्रविद्येचा ग्रंथ पूर्ण केला. त्यातही अक्षरांच्या तबकड्यांवर चालणाऱ्या कुलपाची रचना दिली आहे.

ही मोठी उडी होती. या पेटीला किल्लीच नाही. किल्ली आता लोखंडाचा तुकडा राहिली नाही, ती एक गुपित झाली. मालकाच्या डोक्यात जे आहे तेच कुलपाच्या पोटात आहे. दोन्ही जुळले तर दार उघडेल. आज आपल्या हातातला रिमोट या आठशे वर्षांपूर्वीच्या पेटीचाच वंशज आहे. फरक इतकाच की अक्षरे बोटांनी फिरवायची नसतात, ती हवेतून जातात.

लंडनची पैज, मुंबईचे कुलूप

मधल्या काळात धातूच्या किल्लीनेही मोठी प्रगती केली. लंडनमधल्या ब्रामा कंपनीने आपल्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप ठेवले होते आणि ते किल्लीशिवाय उघडणाऱ्याला २०० गिनींचे बक्षीस जाहीर केले होते. साठ वर्षे कुणालाही ते जमले नाही. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी अमेरिकेचा आल्फ्रेड हॉब्ज आला. आधी त्याने चब कंपनीचे नावाजलेले कुलूप सुमारे २५ मिनिटांत उघडले. मग ब्रामाचे कुलूप १६ दिवसांत मिळून ५१ तास खपून उघडले. इंग्लंडमध्ये खळबळ माजली. कुलपातले दोष असे चारचौघांत सांगू नयेत, चोर शहाणे होतील, असे काहींचे म्हणणे पडले. हॉब्जच्या बाजूचा युक्तिवाद साधा होता: चोरांना हे आधीच माहीत असते, माहीत नसते ते सज्जन गिऱ्हाइकाला.

पुढे अमेरिकेत लायनस येल याने १८६० च्या दशकात लहान चपट्या किल्लीचे कुलूप आणले. आपल्या घराच्या दाराला आज बहुतेक तेच असते. मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये कुलपांचा कारखाना काढला. उत्तरेत अलीगढच्या गल्ल्यांमध्ये कुलपांचा धंदा घराघरात रुजला आणि तिथल्या कारागिरांत मुसलमानांचा वाटा मोठा राहिला. या साऱ्याबरोबर आठवडी बाजारात कानस आणि कोऱ्या किल्ल्यांचा घोस घेऊन बसणारा किल्लीवाला आला. किल्ली हरवली तर तो कुलपात कोरी पट्टी घालून, हलवून, तिच्यावर उठलेले ओरखडे पाहून दहा-पंधरा मिनिटांत नवी घासून देत असे. कुलपाचे गुपित धातूत होते आणि धातूची भाषा त्याला वाचता येत होती.

हवेतली किल्ली

१९८२ मध्ये फ्रान्सच्या रेनॉ कंपनीने आपल्या ‘फुएगो’ गाडीत दूरवरून दार उघडणारा छोटा रिमोट दिला. तो घरातल्या टीव्हीच्या रिमोटसारखा, न दिसणाऱ्या प्रकाशकिरणांवर चालायचा. नंतर प्रकाशाची जागा रेडिओलहरींनी घेतली. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांचे रिमोट ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात.

सुरुवातीच्या रेडिओ रिमोटमध्ये एक मोठा दोष होता. दर वेळी तोच आकडा हवेत जायचा. कुणी जवळ उभे राहून तो टिपून ठेवला की त्याच्याकडे किल्ली झाली. यावरचा एक महत्त्वाचा उपाय १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत निघाला. तिथल्या नॅनोटेक कंपनीत ‘कीलॉक’ नावाची पद्धत तयार झाली आणि १९९५ मध्ये अमेरिकेच्या मायक्रोचिप कंपनीने ती एक कोटी डॉलरला विकत घेतली. या पद्धतीत रिमोट आणि गाडी दोघेही एक मोजणी ठेवतात. बटण दाबले की मोजणी एकने पुढे जाते आणि तो आकडा दोघांनाच ठाऊक असलेल्या गुप्त किल्लीने गुंडाळून हवेत सोडला जातो. गाडी तो उलगडते, मोजणी पुढची आहे ना ते पाहते आणि मगच दार उघडते. एकदा वापरलेला आकडा पुन्हा चालत नाही. आज सगळ्या गाड्यांत कीलॉकच असते असे नाही, पण बदलत्या आकड्याचे तत्त्व सर्वत्र पसरले.

आता प्रश्न येतो की रिमोट लेकराच्या हाती लागला आणि गाडी दूर असताना त्याने वीस वेळा बटण दाबले तर? रिमोटची मोजणी पुढे गेली, गाडीची मागे राहिली. याचाही विचार झालेला आहे. कीलॉकच्या एका प्रसिद्ध चिपमध्ये १६ आकड्यांपर्यंतचा फरक गाडी निमूटपणे मान्य करते. फरक त्याहून जास्त, पण सुमारे ३२ हजारांच्या आत असेल तर लागोपाठ दोनदा बटण दाबावे लागते. दोन्ही आकडे एकापाठोपाठचे निघाले की गाडी म्हणते, ठीक, हा आपलाच. त्यामुळे “पहिल्यांदा दाबले तर काही नाही, दुसऱ्यांदा उघडले” हा अनुभव कधीमधी आला तर घाबरायचे कारण नाही. रोज येऊ लागला तर मात्र कारण दुसरीकडे शोधावे.

कधी चालतो, कधी नाही: तीन प्रश्न

रिमोट म्हणजे बोलणारा, हवा म्हणजे वाट आणि गाडी म्हणजे ऐकणारी. खोड या तिघांपैकी एकात असते. मधूनमधून येणाऱ्या खोडीत रिमोट बडवण्यापेक्षा, ती केव्हा येते, कुठे येते आणि कोणत्या किल्लीला येते, हे दोन-तीन दिवस लक्षात ठेवावे.

पहिला प्रश्न, बोलणाऱ्याचा आवाज बसला आहे का? आधी घरातली दुसरी किल्ली वापरून पाहावी. ती त्याच जागी नीट चालली तर दोष पहिल्या रिमोटचा. मग त्याचा सेल पाहावा. पुष्कळ रिमोटमध्ये ‘सीआर २०३२’ हा नाण्यासारखा सेल असतो. त्याच्या नावातच माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. तो तीन व्होल्टचा. सेल म्हातारा झाला की नुसत्या मीटरवर आकडा ठीक दिसतो, पण बटण दाबताच दाब कोसळतो, आणि थंडीत तर अधिकच. म्हणून रिमोट पौषातल्या पहाटे चालत नसेल आणि दुपारी चालत असेल, गाडीला चिकटून चालत असेल आणि दहा पावलांवरून चालत नसेल, तर बहुधा सेलच गेलेला. त्याच क्रमांकाचा, चांगल्या कंपनीचा नवा सेल घालावा. बोटांचे तेल लागू नये म्हणून तो कडेने धरावा आणि अधिक-उणे बाजू पाहून बसवावा. जुना सेल लेकरांच्या हाती लागू देऊ नये. गिळला गेला तर काही तासांत अन्ननलिका जाळतो. तसे झाल्याची शंका आली तरी तडक दवाखाना गाठावा.

नवा सेल घालूनही खोड राहिली तर सेलला टेकणाऱ्या पितळी पट्ट्या ढिल्या किंवा गंजलेल्या आहेत का ते पाहावे. पाकीट दाबले, वाकवले की चालतो आणि सोडले की बंद पडतो, असे असेल तर दोष याच पट्ट्यांत किंवा आतल्या बटणाच्या डागात असतो. घाम, पावसाचे पाणी आणि सतत पडणे ही त्याची कारणे. डाग पुन्हा लावणे हे मोबाइल दुरुस्त करणाऱ्या कोणत्याही कुशल कारागिराचे काम आहे, आणि ते नव्या रिमोटपेक्षा फार स्वस्तात होते.

दुसरा प्रश्न, वाटेत अडथळा आहे का? दोन्ही किल्ल्या एका ठरावीक जागीच अडत असतील आणि इतरत्र बिनबोभाट चालत असतील, तर रिमोट निर्दोष आहे. ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास बिनतारी घंटा, फाटकाचे रिमोट अशी अनेक छोटी यंत्रे बोलत असतात. त्यातले एखादे बिघडून सतत बडबडू लागले की बाकीच्यांचा आवाज बुडतो. २०१९ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडजवळच्या एका वस्तीत अनेक घरांचे गाड्यांचे आणि गॅरेजच्या दारांचे रिमोट आठवडेच्या आठवडे नीट चालेनात. लोकांनी नाना तर्क केले. शेवटी शोध घेतला तेव्हा एका रहिवाशाने स्वतःच्या सोयीसाठी घरी बनवलेले, सेलवर चालणारे एक छोटे यंत्र सापडले. त्याची सेल काढली आणि सारी वस्ती सुरळीत झाली. त्या वस्तीत किती जणांनी उगाच सेल बदलले असतील! अशा जागी गाडीच्या अगदी जवळ जाऊन बटण दाबावे, नाहीतर किल्लीने दार उघडावे.

यातच सावधगिरीची एक गोष्ट आहे. चोरही मुद्दाम असा गोंगाट करतात, म्हणजे मालक बटण दाबून निघून जातो आणि दार उघडेच राहते. यात्रेत, उरुसात, बाजारात गाडी लावली की दिव्यांची उघडझाप पाहावी आणि दाराची कडी हाताने ओढून खात्री करावी.

तिसरा प्रश्न, ऐकणारीच्या कानाला काही झाले आहे का? दोन्ही किल्ल्या सगळीकडेच कधी चालतात, कधी नाही, असे असेल तर गाडीकडे पाहावे. गाडीची मोठी बॅटरी उतरली असेल, सकाळी सेल्फ ओढून ओढून लागत असेल, तर आधी तिची तपासणी. दिवे लुकलुकतात, पण एखादेच दार उघडत नाही, तर रिमोटचे बोलणे पोहोचले आहे. दोष त्या दाराच्या आतल्या मोटरमध्ये किंवा बिजागरीजवळ रबरी नळीतून जाणाऱ्या, रोज वाकून तुटलेल्या तारेत असतो. बाहेरून बसवलेला अलार्म किंवा तसले काही जोडल्यापासून खोड सुरू झाली असेल, तर ते काही दिवस काढून पाहावे.

आणि रिमोट पूर्ण बसला तरी माणूस अडकत नाही. बहुतेक रिमोटच्या पोटात धातूची किल्ली लपवलेली असते. इंजिन सुरू करण्याची परवानगी देणारी चिप वेगळी असते आणि तिला सेल लागत नाही. इग्निशनभोवतीच्या वेटोळ्यातून तिला वीज मिळते. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीत रिमोट त्या बटणाला किंवा पुस्तिकेत दाखवलेल्या जागेला टेकवावा.

गुपित कुणाचे?

आता पुन्हा इतिहासाकडे. २००८ मध्ये जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठातल्या संशोधकांनी कीलॉक फोडली. चिप किती वीज कधी ओढते, हे मोजून त्यांनी तिच्यातली गुप्त किल्ली काढली. मग शंभर मीटरपर्यंतच्या अंतरावरून दोन संदेश टिपले तरी रिमोटची नक्कल बनवता येते, हे दाखवून दिले. हॉब्जच्या पैजेला दीडशे वर्षे उलटून गेल्यावर निष्कर्ष तोच निघाला: गुपित लपवून ठेवले म्हणजे सुरक्षित झाले, असे होत नाही. चोराच्या आधी ते चांगल्या माणसांनी तपासलेले बरे.

पण लपवण्याची सवय सुटली नाही. किल्ली इलेक्ट्रॉनिक झाली आणि बाजारातल्या किल्लीवाल्याच्या हातून तिचे काम निसटू लागले. नवी चिप गाडीशी जुळवायला जे यंत्र आणि जी माहिती लागते ती कंपन्यांनी आपल्याकडे ठेवली. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो याच वृत्तीबद्दल. सुटे भाग, दोष शोधण्याची साधने आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांना मिळू न दिल्याचा ठपका त्यात होता. पुढे अपिले झाली. पण गाडी विकत घेणाऱ्याला ती हवी तिथे दुरुस्त करून घेता आली पाहिजे, ही गोष्ट तेव्हापासून कायद्याच्या भाषेत नोंदली गेली. २४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’चे संकेतस्थळ सुरू केले, त्यात मोटारगाड्यांचाही समावेश आहे.

परांडा, भूम, बार्शी, करमाळा या पट्ट्यातल्या गॅरेजमधल्या मुलांकडे पाहिले की हा प्रश्न दूरचा वाटत नाही. त्यांतल्या कितीतरी जणांचे बाप-आजे लोहारकाम, कल्हई, घड्याळदुरुस्ती करणारे. हातातले कौशल्य एका पिढीतून दुसरीत आले. मुहम्मद बिन हामिदही मुळात एक कारागीरच होता. ताऱ्यांची यंत्रे घडवणाऱ्या हातांनी त्याने कुलूप घडवले, कारण यंत्राची विद्या त्याच्यापासून कुणी कुलूपबंद केली नव्हती. आपल्या मुलांना डाग लावणे येते. मीटर वाचणे आणि गाडीच्या संगणकाशी बोलणे त्यांना शिकवले, तर तेही येईल. तालुक्याच्या आयटीआयने आणि समाजाच्या संस्थांनी शिष्यवृत्तीबरोबर हेही मनावर घ्यावे.

गिऱ्हाइकाचेही एक काम आहे. रिमोट मधूनमधून रुसू लागला तर कारागिराकडे जाताना “बिघडला” एवढेच सांगू नये. केव्हा, कुठे, कोणत्या किल्लीला, किती अंतरावरून आणि सेल कधी बदलला, हे सांगावे. एवढी माहिती दिली तर प्रामाणिक कारागिराचा अर्धा तास वाचतो आणि अप्रामाणिकाला नवा रिमोट गळ्यात मारणे अवघड जाते.